काय सोडू?

दुसरा मुतखडा मी डोळ्यांनी पाहिला. लघवी गाळायला दिलेल्या बारीक जाळीत तो अडकला होता. काडेपेटीतल्या काडीच्या गुलापेक्षा थोडा मोठा, तपकिरी, आणि भिंगाखाली धरला तर सगळ्या बाजूंनी टोकदार. पहिला खडा त्याच्या पाच वर्षं आधी असाच पडून गेला होता. तो कुणी धरला नाही, कुणी तपासला नाही. दुखायचं थांबलं एवढंच त्या वेळी पुरेसं वाटलं होतं. आता वाटतं, तो पहिला खडा प्रयोगशाळेत गेला असता तर मधली पाच वर्षं मी वेगळं जेवले असते.

ज्यांना मुतखड्याची कळ येऊन गेली आहे त्यांना तिचं वर्णन नको असतं आणि ज्यांना आलेली नाही त्यांना ते सांगून कळत नाही. तरी एक गोष्ट सांगते, कारण पहिल्या वेळी मला ती ओळखता आली नव्हती. पोटात दुखतं तेव्हा आपण गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतो. या कळेत पडूनच राहवत नाही. बसून बरं वाटत नाही, उभं राहून नाही, कुशीवर वळून तर नाहीच. पाठीमागे बरगडीखाली सुरू झालेलं दुखणं पुढे जांघेकडे उतरत जातं, मध्येच थांबतं, पुन्हा येतं. सोबत मळमळ, ओकारी, दरदरून घाम. मला वाटायचं, खड्याचे काटे टोचतात म्हणून दुखतं. खरं कारण तुंबणं. किडनीपासून मूत्राशयापर्यंतची नळी असते २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. तिच्यात खडा अडकला की वरची लघवी साचते, किडनी ताणली जाते, नळी आवळून आवळून त्याला पुढे ढकलू पाहते. ती कळ त्या ताणाची असते.

पहिली कळ ओसरल्यावर मी जो प्रश्न विचारला तो मुतखड्याचा प्रत्येक रोगी विचारतो. काय सोडू?

उत्तर द्यायला सगळे तयार होते. टोमॅटो सोड, वांगं सोड, बियांचं काही खाऊ नकोस. दूध तर अजिबात नको, खडा म्हणजे कॅल्शियम आणि दूध म्हणजेही कॅल्शियम. हे शेवटचं तर मला शास्त्रशुद्धच वाटलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. कॅल्शियम आत गेलं नाही तर कॅल्शियमचा खडा होणार कसा, हा हिशेब मला पटला. दूध, दही, पनीर सगळं बंद केलं. आणि तब्येतीकडे आता लक्ष द्यायचंच असं ठरवून सकाळी पालकाचा कच्चा रस आणि मूठभर बदाम सुरू केले. पाच वर्षं हा नेम मी मनापासून पाळला. माझ्या किडनीत दुसरा खडा वाढत होता तो याच पाच वर्षांत.

त्या जाळीतल्या खड्याचा अहवाल आला. कॅल्शियम ऑक्झलेट. जगातल्या बहुसंख्य मुतखड्यांची हीच जात. ढोबळमानाने दहातले सात-आठ खडे याच जातीचे असतात. या वेळी जे डॉक्टर भेटले त्यांनी यादी दिली नाही. त्यांनी एक मोठा प्लास्टिकचा कॅन दिला आणि २४ तासांची सगळी लघवी त्यात जमा करून आणायला सांगितली. एक थेंबही बाहेर जाता कामा नये. मी रविवारी ते केलं. सुट्टीच्या दिवशीचा आकडा आला ९०० मिलिलिटर.

डॉक्टरांनी अहवालावरून नजर काढली आणि विचारलं, "शाळेच्या दिवशी किती वेळा लघवीला जाता?"

मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण ते उत्तर मी कधी मोजलं नव्हतं. घरून निघताना एकदा. परत आल्यावर एकदा.

इथे मला थांबून सांगायचंय, कारण मुतखड्यावरच्या सल्ल्यात "भरपूर पाणी प्या" हे तीन शब्द लिहिले जातात आणि त्यांच्या पुढचं कुणी लिहीत नाही. मी पाणी का पीत नव्हते? तहान लागत नव्हती म्हणून नाही. सलग तास असतात आणि वर्ग सोडून जाता येत नाही. मधल्या सुट्टीत एका स्वच्छतागृहासमोर सगळ्या शिक्षिकांची रांग असते, आणि कधी कडी नसते, कधी पाणी नसतं. मग शरीर आपोआप शिकतं. सकाळी एक घोट, दुपारी जेवताना एक घोट. वीस वर्षं असं वागल्यावर तहानसुद्धा लागेनाशी होते. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका, बसवाहक, परिचारिका, लांबच्या फेऱ्या मारणारे चालक या सगळ्यांनी पाणी आणि अडचण यांतून पाणी सोडलेलं असतं. "काय सोडू" विचारायच्या आधीच आम्ही एक गोष्ट सोडून बसलेलो असतो, आणि तीच सगळ्यांत महागात पडते.

आणि मी विज्ञान शिकवते म्हणून याचं मला जास्त वाईट वाटतं. दर वर्षी मी वर्गात संपृक्त द्रावण करून दाखवते. गरम पाण्यात मोरचूद विरघळवत जायचं, विरघळेनासं झालं की थांबायचं, मग ते द्रावण निवांत ठेवायचं आणि त्यात एक दोरा सोडायचा. दोन-तीन दिवसांत दोऱ्यावर निळे स्फटिक दिसतात. मुलं दर तासाला येऊन बघून जातात. मी त्यांना सांगते, स्फटिक होऊ द्यायचे नसतील तर काय कराल? पुढच्या बाकावरून उत्तर येतं, पाणी वाढवू. किडनीत याहून वेगळं काही घडत नाही. रोज सुमारे १८० लिटर द्रव किडन्या गाळतात आणि जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. उरलेल्या लिटर-दीड लिटरमध्ये दिवसभराचे क्षार बाहेर टाकायचे असतात. पाणी कमी असेल तर तेच क्षार कमी जागेत कोंबले जातात. लघवी गरजेपेक्षा जास्त संपृक्त झाली की स्फटिक धरतात, आणि दोऱ्याचं काम किडनीच्या आतल्या टोकांवरचे कॅल्शियमचे सूक्ष्म ठिपके करतात. हे ठिपके ॲलेक्झांडर रँडल या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३७ मध्ये दाखवून दिले. आजही त्यांना त्याचंच नाव आहे.

पाण्याचा उपयोग किती, याचं उत्तर इटलीतल्या एका अभ्यासाने १९९६ मध्ये दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांचे दोन गट केले. एका गटाला रोज दोन लिटर लघवी होईल एवढं पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांनी पाणी पिणाऱ्या ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्या गटातल्या १०० पैकी २७ जणांना. औषध नाही, पथ्य नाही, फक्त पाणी. आता साधारण अडीच लिटर लघवी होईल एवढं प्यावं असं सांगतात, म्हणजे पोटात तीन लिटरच्या आसपास जायला हवं. ऊन असेल, घाम जात असेल तर त्याहून जास्त. मोजायचा सोपा मार्ग रंग. फिकट, जवळजवळ पाण्यासारखी लघवी असेल तर ठीक. गडद पिवळी असेल तर किडनीत दोरा सोडून ठेवलाय असं समजावं. आणि हे पाणी दिवसभर वाटून प्यायचं. सकाळी लिटरभर एकदम पिऊन दुपारपर्यंत कोरडं राहण्याचा उपयोग थोडा. रात्र सगळ्यांत लांब कोरडी, म्हणून झोपताना एक पेला, आणि रात्री उठावं लागलं तर परत झोपायच्या आधी अर्धा.

आता दुधाचं. यावर मी सगळ्यांत जास्त चिडते, कारण चुकीचा सल्ला इतका तर्कशुद्ध वाटतो.

ऑक्झलेट हा घटक भाज्यांमध्ये, सुक्या मेव्यात असतो. तो पोटात गेला की दोन वाटा असतात. आतड्यात त्याला कॅल्शियम भेटलं तर तिथेच दोघांची गाठ पडते, न विरघळणारी जोडी तयार होते आणि ती शौचावाटे निघून जाते. आतड्यात कॅल्शियम भेटलंच नाही तर ऑक्झलेट एकटाच रक्तात शिरतो, किडनीत पोचतो, आणि तिथे त्याला लघवीतलं कॅल्शियम भेटतं. गाठ पडायची ती पडतेच. ती आतड्यात पाडायची की किडनीत, एवढंच आपल्या हातात. मी दूध-दही बंद करून आणि पालकाचा रस पिऊन नेमकी ती गाठ किडनीत पाडत होते.

१९९३ मध्ये अमेरिकेत ४५,६१९ पुरुषांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना मुतखडे कमी झाले होते. तोपर्यंत डॉक्टरही उलटंच सांगत आले होते. पुढे २००२ मध्ये इटलीतल्या पार्मा इथल्या डॉक्टरांनी थेट तुलना केली. वारंवार खडे होणाऱ्या आणि लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला, निम्म्यांना नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत पहिल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या ६० पैकी १२ जणांना. हा अभ्यास प्रसिद्ध होऊन कितीतरी वर्षं उलटल्यावरही मला दूध सोडायला सांगितलं जात होतं. अजूनही कुणाला तरी सांगितलं जात असेल. तसं सांगितलं असेल तर कृपा करून आपल्या डॉक्टरांना पुन्हा विचारा. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहारातून मिळावं आणि ते जेवणासोबत मिळावं. जेवणात वाटीभर दही असलं की त्यातलं कॅल्शियम जेवणातल्या ऑक्झलेटला तिथल्या तिथे धरतं. गोळ्यांचं तसं नाही. स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांना खड्यांचा धोका थोडा वाढलेला दिसला. गोळी लागतच असेल तर ती कशी आणि कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारावं. सहसा जेवणासोबत घ्यायला सांगतात.

मग ऑक्झलेटचं काय? मला भीती वाटली होती की आता अर्ध्या भाज्या जाणार. तसं झालं नाही. खूप जास्त ऑक्झलेट असलेले पदार्थ मोजकेच आहेत, आणि त्यांत पालक सगळ्यांच्या पुढे. शिजवलेल्या पालकाच्या अर्ध्या वाटीत कित्येक शे मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं. त्याच्या मागे बीट, बदाम, कोको. पालक पाण्यात उकडून ते पाणी फेकलं तर बरंच ऑक्झलेट निघून जातं. कच्चा रस काढला तर सगळंच पोटात. ज्या टोमॅटोला मी पाच वर्षं हात लावला नाही त्यात ऑक्झलेट अगदी थोडं असतं. आणि बी? भाजीची बी आतड्यातून किडनीत जायला रस्ताच नाही. बी खड्यासारखी दिसते, एवढाच तिचा अपराध. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र जपून. शरीर त्यातल्या काही भागाचं ऑक्झलेट करतं, आणि स्वीडनमधल्या पुरुषांच्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांना जवळजवळ दुप्पट खडे झाले. फळांतल्या क जीवनसत्त्वाची काळजी करू नये.

चहा-कॉफी सोडायला लागली नाही, हे ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. मोठ्या अभ्यासांमध्ये चहा-कॉफी पिणाऱ्यांना खडे कमीच दिसले आहेत. साखरेची शीतपेयं मात्र खरंच थांबवावीत. आणि खडा पाडायला बिअर, हा सल्ला ज्यांना मिळतो त्यांनी तो तिथेच सोडावा. तिने लघवी थोडा वेळ वाढते, मग शरीर कोरडं पडतं आणि युरिक ॲसिड चढतं.

माझ्या २४ तासांच्या अहवालात दोन आकडे लाल होते. एक सोडियम. मी वरून मीठ घेत नाही, त्यामुळे मला तो खोटाच वाटला. मग आठवडाभर लिहून काढलं. पाकिटातला खारा खाऊ, लोणचं, पाव, तयार सूप. मीठ मी घेत नव्हते, ते माझ्या ताटात आधीच आलेलं होतं. किडनी सोडियम बाहेर टाकते तेव्हा कॅल्शियमही सोबत ओढलं जातं. जेवणातलं मीठ साधारण ६ ग्रॅमने वाढलं की लघवीतलं कॅल्शियम ४० मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. काही सोडायचंच असेल तर ते हे. माझ्या आयुष्यात खरोखर कमी झालेली गोष्ट एकच, पाकीट.

दुसरा लाल आकडा सायट्रेटचा, आणि तो कमी होता. सायट्रेट लघवीत कॅल्शियमला धरून ठेवतं, स्फटिक मोठे होऊ देत नाही. मांसाहार जास्त झाला की ते कमी होतं, फळं आणि भाज्या वाढल्या की वाढतं. डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेट लिहून दिलं आणि लिंबू घ्यायला सांगितलं. रोज दोन-तीन लिंबांचा रस, भरपूर पाण्यात, साखर-मीठ न घालता. लिंबाचा परिणाम गोळीइतका नसतो, पण लिंबामुळे पाणी जास्त प्यायलं जातं, आणि माझ्यासाठी तो फायदा मोठा होता.

हे सगळं माझ्या खड्याबद्दल. युरिक ॲसिडचा खडा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे लघवी फार आम्ल असते, मांसाहार आवरावा लागतो, आणि लघवीची आम्लता कमी केली तर तो खडा चक्क विरघळू शकतो. जंतुसंसर्गाने होणारा खडा पथ्याने जात नाही. सिस्टिन या अमिनो आम्लाचा आनुवंशिक खडा असेल तर याहून खूप जास्त पाणी लागतं, रात्रीही. म्हणून खडा पडला तर तो धरा, जपून ठेवा, तपासा. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल तर पाणी आणि पोटॅशियम किती हे डॉक्टरांनीच ठरवावं. आणि कळेसोबत थंडी वाजून ताप आला तर घरी लिंबूपाणी पीत बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा. तुंबलेल्या किडनीत जंतू शिरले तर ते जिवावर बेतू शकतं.

आईचा फोन येतो तेव्हा ती अजूनही विचारते, "अगं, आता काय काय बंद आहे तुझं?"

"काही बंद नाही गं. दही चालू केलंय."

"दही? खड्याला दही?"

मग मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगते. तिला पूर्ण पटत नाही. तिच्या पिढीने पथ्य म्हणजे वर्ज्य असंच शिकलंय आणि माझ्या काळजीपोटीच ती एकेक पदार्थ माझ्या ताटातून काढायला बघते.

शाळेत मी मुख्याध्यापिकांकडे तीनदा अर्ज केला. कडी बसली. दुसरं स्वच्छतागृह झालं नाही, पण दोन तासांच्या मध्ये पाच मिनिटं मिळाली. टेबलावर लिटरची बाटली असते, मधल्या सुट्टीपर्यंत ती संपवायची आणि पुन्हा भरायची. पहिले पंधरा दिवस दर तासाला जावं लागायचं आणि लाज वाटायची. मग शरीर रुळलं.

गेल्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डाव्या किडनीत ४ मिलिमीटरचा एक खडा आहे. तीन वर्षांपूर्वीही तो ४ मिलिमीटरचाच होता.

माझ्या वर्गात आता पाण्याच्या बाटल्या बाकावर ठेवायला परवानगी आहे, तास चालू असतानाही. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी बाहेर जायचं असलं की बोट वर करते, पण पूर्ण वर करत नाही, अर्ध्यावरच ठेवते आणि इकडेतिकडे बघते. तिने तोंड उघडायच्या आधीच मी मान हलवते, आणि ती जाते.